एक दार, आतून कडी अन् पाणी

…आणि वरून मलाच म्हणताय, "मावशी, मत दिलं का? दाखवा बोट!" अहो, बोट कसलं बघता? बोटाची शाई कधीच नखाबरोबर वाढून कापली गेली, पण ज्याच्यासाठी ते बोट पुढं केलं त्याचं काय झालं ते विचारा ना! थांबा, हार ओवता ओवता सांगते. घाई नाय ना? असली तरी थांबा, निम्मा हार झालाय, आता अर्धा हार घेऊन कुठल्या देवाकडं जाल?

तर तुम्हाला सांगते, मी रंगूबाई. आमचं वावर मखमलाबादच्या अंगाला, झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. अंधारात तोडणी केली की उजाडायच्या आत ह्या नाक्यावर, अन् दहा वाजता माल संपला की घरी. ही शेजारची भागीबाई, मेथी-कोथिंबीरवाली. हिला साखर हाय. डब्यातली नाय, रक्तातली. अशा दहा-बारा बाया आम्ही इथं रोज बसतो. आता मला सांगा, एवढ्या वेळात बाईमाणसाला जायचं झालं तर जायचं कुठं? पुरुषांचं काय ओ, त्यांना अख्खं नाशिक मोकळं! भिंतीला कुणी देवाची फरशी लावली तर देवाला नमस्कार करतात अन् पुढच्या भिंतीपाशी उभे राहतात. आम्ही काय करायचं? आम्ही काय मागितलं होतं? एक दार, आतून कडी अन् पाणी. बास!

तेव्हा नगरसेवक होते संतोषभाऊ. गेलो सगळ्या बाया. भागीबाईनं जुडी पण नेली होती मेथीची, रिकाम्या हातानं कशाला म्हणून. भाऊ खुर्चीतून उठून उभे! "माझ्या मायमाउल्या माझ्या दारात? सांगा, काय सेवा करू?" सांगितलं. भाऊंनी डोळे मिटले. मला वाटलं, रडतात का काय! डोळे उघडून म्हणाले, "मावशी, तुमच्या नाक्याचा मी कायापालट करतो."

अन् केला की! महिन्याभरात खड्डे खणले. आम्ही खूश. भागीबाई तर खड्ड्याकडं बघून हात जोडायची. अन् त्या खड्ड्यातून वर काय आलं? कमान! भाऊंच्या वडिलांच्या नावाची भलीमोठी कमान. आता कमानीला काय असतं? दोन खांब अन् मधून सगळा रस्ता मोकळा! आम्ही मागितला आडोसा, त्यांनी दिला उघडा दरवाजा. बरं, ती एकदा बांधून सुटलो म्हणाल, तर तसंही नाय. भाऊंनी पक्ष बदलला, कमानीला नवा रंग. पुन्हा बदलला, पुन्हा रंग. त्या कमानीनं जेवढे रंग बघितले ना, तेवढे माझ्या शेवंतीला पण येत नाय. अन् रंगाचे पैसे कुणाचे? तुमचे-माझेच की!

परत गेलो. "भाऊ, कमान छान हाय, पण ते आमचं…" "मावशी, लक्षात आहे! पाण्याची सोय म्हणाला होतात ना?" अन् आणलं पाणी. कारंजं! लाल, हिरवं, निळं पाणी उडवणारं, गाण्यावर नाचणारं कारंजं! उद्घाटनाच्या दिवशी एकदा नाचलं, ते समोरच्या पुढाऱ्याच्या धोतरावर उडालं अन् तेव्हापासून बंद. आता त्यात डास नाचतात. अन् आम्ही बाया तिथंच बसून बघतोय… अहो, अडचण असलेल्या माणसासमोर पाणी उडवतात का कुणी? जिवाचं काय होतं, कळतं का? आम्ही काय मागितलं होतं? एक दार, आतून कडी अन् पाणी. बास!

मग आमचं चालायचं कसं म्हणाल, तर खातूनबी. ती समोरची गल्ली दिसते ना, तिथं दुसरंच घर. माहेर मालेगावचं, नवऱ्याचं सायकलचं दुकान. एकदा भागीबाईचं तोंड बघूनच तिला कळलं. म्हणाली, "अरे आओ ना! इस में पूछना क्या?" तेव्हापासून तिच्या घराबाहेरच्या मोरी-संडासाला आम्ही सगळ्याजणी. पण रोज रोज लाज वाटते ओ. तिच्या घरात माणसं, सून तरन्नुम हातात बादली घेऊन उभी, अन् आम्ही मध्ये! ती बोलायची नाय, पण आपल्याला समजतं ना?

तेवढ्यात आल्या निवडणुका, अन् आमचा वॉर्ड झाला बायांसाठी राखीव. आम्ही म्हटलं, चला! बाईचं दुखणं बाईला कळेल. कोण उभ्या राहिल्या? एकीकडं संतोषभाऊंची बायको, प्रतिभाताई. दुसरीकडं ललितभाऊंची बायको. ललितभाऊ कोण? संतोषभाऊंचेच चुलतभाऊ, ठेकेदार. म्हणजे बघा, एकीच्या नवऱ्यानं कारंजं मंजूर केलं अन् दुसरीच्या नवऱ्यानं ते बांधलं. घ्या, निवडा! तिसरी एक अपक्ष होती, तिनं अर्ज मागं घेतला अन् तिचा नवरा आता नव्या गाडीतून फिरतो. अन् पोस्टर? त्यात नवरा एवढा मोठ्ठा, अन् बाई कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी. उमेदवार कोण, ते भिंगातून बघावं लागतं!

प्रतिभाताईंची रॅली आली आमच्या नाक्यावर. ढोल, ताशे, पोरं, उपरणी! पुढं संतोषभाऊ, मागं ताई, हात जोडलेले ते सुटतच नाय. मी विचारलं, "ताई, निवडून आल्यावर आमचं काय करणार?" ताईंनी तोंड उघडलं, तर भाऊच म्हणाले, "ताईंना असं म्हणायचंय की विकास!" मी म्हटलं, "त्यांनाच म्हणू द्या की." तर भाऊ म्हणतात, "ताईंचा घसा बसलाय." बोलल्याशिवाय घसा बसलेली बाई मी पहिल्यांदाच बघितली.

अन् मग काय झालं माहितीये का? ताई वाकल्या, मला वाटलं पाया पडतात, तर माझ्या कानाशी आल्या अन् हळूच म्हणाल्या, "मावशी, इथे जायची सोय कुठे आहे हो?"

सकाळपासूनची रॅली ओ. घरोघरी नारळपाणी, ताक, सरबत, नाय म्हणायची सोय नाय, मत तुटतं ना! बिचारीचा चेहरा पिवळा पडलेला, माझ्या झेंडूसारखा. माझ्या जिभेवर आलं होतं, सांगावं की ताई, सोय तुमच्या मालकांनीच केलीय, ती बघा कमान, जा खालून! पण नाय बोलवलं. बाईची जात शेवटी. म्हटलं, "चला माझ्यासोबत, गुपचूप."

गुपचूप? आम्ही गल्लीकडं वळलो, तर मागून कुणीतरी ओरडलं, "ताई गल्लीत निघाल्या! चला रे!" अन् सगळी रॅली आमच्या मागं! ढोल मागं, ताशे मागं, फोटोवाला उलटा चालत पुढं. ताई भराभर चालायला लागल्या, तसा ढोलवाल्याला आणखी चेव आला. खातूनबी दारात आली, मी नुसती मान हलवली, तिला कळलं. तिनं ताईंना आत घेतलं, दार लोटलं. अन् बाहेर घोषणा काय? "ताई, तुम आगे बढो, हम तुम्हारे साथ है!" खातूनबी कमरेवर हात ठेवून ओरडली, "अरे, उधर हटो! इस में कोई साथ नहीं जाता!"

हसताय ना? आम्ही पण हसलो. पण ताई बाहेर आल्या अन् खातूनबीच्या खाटेवर बसल्या ना, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "सकाळपासून यांना सांगतेय. म्हणतात, रॅली संपू दे." मग माझा हात धरला. "मावशी, तुम्ही रोज असंच करता?" भागीबाई पण मागोमाग आली होती, ती म्हणाली, "रोज, ताई. वर्षं झाली." ताई म्हणाल्या, "मी निवडून आले तर पहिलं काम हेच. शब्द देते." अन् आवाज एकदम खणखणीत! घसाबिसा काही बसलेला नव्हता.

दिलं मत. सगळ्या बायांनी दिलं. खातूनबीच्या घरानं दिलं. ताई निवडून आल्या. अन् खोटं नाय बोलणार, शब्द पाळला त्यांनी! स्वतः येऊन जागा दाखवली, नवऱ्याशी भांडल्या म्हणे. काम लगेच सुरू. ठेका कुणाला? ललितभाऊंना. निवडणूक झाली ना, आता दोघं भाऊ भाऊ. बांधला काय, राजवाडा! काळा दगड, काचा, बाहेर सेल्फी काढायला जागा, नळ असे की हात नुसता दाखवला की पाणी. आत जाताना आपण चपला काढतो का काय, असं वाटतं.

अन् ह्या राजवाड्यापुढं बाग पाहिजे म्हणून आले मोजणीवाले. खातूनबीची मोरी दोन वीत पुढं आली म्हणे. अतिक्रमण! तिनं लय सांगितलं, "साहब, हमारी सास के जमाने की है." साहेब म्हणाले, "बाई, हे सगळं महिलांच्या सोयीसाठीच चाललंय." अन् पाडली, संडासासकट. मला सांगा, सरकारनं एक बांधला अन् एक पाडला, बेरीज किती झाली? तरन्नुम त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "चाची, आता आम्ही पण तुमच्याच लाइनीत."

अन् लाइन तरी कशाची? अहो, त्या राजवाड्याला दार हाय, कडी पण हाय, पण कडी बाहेरून, अन् तिला कुलूप! पाटी लावलीय, "वेळ सकाळी दहा ते सायंकाळी पाच." आम्ही घरी निघतो तेव्हा तो उघडतो! ताईंना फोन लावला. उचलला भाऊंनी. "ताई मीटिंगमध्ये आहेत, बोला, मीच ऐकतो." मी म्हटलं, "भाऊ, पहाटेपासून कुणी धरून बसत नसतं ओ!" तर म्हणतात, "मावशी, कर्मचाऱ्याची ड्युटीच दहाला सुरू होते. शासकीय नियम आहे, तुम्ही जरा ॲडजस्ट करा." मी म्हटलं, "भाऊ, आम्ही काय मागितलं होतं? एक दार, आतून कडी…" फोन कट!

आता परत निवडणूक आली की येतीलच हात जोडून. अन् देऊच की मत. नाय देऊन कुणाला सांगता? समोर पुन्हा ललितभाऊंचीच बायको! अन् तिनं आत्ताच सांगून टाकलंय, ती निवडून आली तर राजवाड्यावर दुसरा मजला चढवणार.

घ्या, झाला तुमचा हार. जास्तीचा गुलाब लावलाय मध्ये. काय म्हणता? "एवढं बोललात, घसा सुकला असेल, चहा सांगू का?" नको ओ दादा, मनापासून नको. चहा सोडलाय आम्ही सगळ्यांनी… आत्ता कुठं आठ वाजलेत.