एक आण्याचं तिकीट आन् औटकी

…सवलतीचे पास! शाळेत येऊन! पोरांच्या हातात! क्लबवाले म्हणे स्वतः वर्गात येऊन वाटून राह्यलेत की बाबांनो या, मॅच पाहा, तुमच्यासाठी सस्त्यात… आन् आमचे चिरंजीव काय म्हणतात? ‘बाबा, ऊन फार हाय, कंटाळा येतो.’ कंटाळा! अरे गाढवा, एका आण्याच्या तिकिटासाठी तुझ्या बापानं आठ दिवस छातीवर फुटबॉल खाल्लाय! तुम्ही हसू नका. तुम्हाला सांगतो, यातला एक शब्द खोटा न्हाई. परतूर स्टेशनाची शपथ घेऊन सांगतो… म्हंजे एखादा शब्द असंल इकडचा तिकडं. तेहतीस वर्षं झाली हो, एवढ्या वर्षांत माणसाला पोट सुटतं, गोष्टीला थोडं सुटलं तर काय बिघडलं? बरं, दोन ठिकाणी खोटं हाय. न्हाई, एकाच. कोणतं ते शेवटी सांगतो, मधी कोणी विचारायचं न्हाई.

तर निजामाचं राज्य. हाली सिक्का, म्हंजे नाणंसुद्धा निजामाचंच. परतूरला आमचे अण्णा तहसिलीत कारकून, आन् गावात जिनिंगवाले भंवरलाल सेठ, म्हंजे निम्मा मोंढा, कापसाचा बाजार, त्यांचा. त्यांचा नातू पुखराज हैदराबादेला शिकायला गेल्ता. दोन साल राह्यला, दोन्ही साल फेल झाला, आन् परत आला तो एक फुटबॉल आन् एक शिट्टी घेऊन! सेठनं विचारलं, “छोरा, डिगरी कठै?” ह्यानं शिट्टी वाजवली. झालं! जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत ‘परतूर स्पोर्टिंग क्लब’ निघाला. अकरा माणसं जमली, त्यांत माझा थोरला भाऊ गिरिधरदादा. तो का? तर त्याचे हात लांब. शर्ट कोणताही घाला, मनगट बाहेर! पुखराज म्हणाला, “हा गोलात बराबर हाय.”

अण्णांना ही भानगड बिलकुल पसंत न्हाई. “कारकुनाचा पोरगा कातड्याच्या भोपळ्यामागं पळतो! उद्या तहसीलदार साहेबांनी विचारलं तर काय सांगू, चिरंजीव भोपळा अडवतात?” घरातलं कोणी तिकडं फिरकायचं न्हाई, असा हुकूम. पण जालन्याच्या टीमशी मॅच ठरली ना, तेव्हा मला आडावर बोलावलं, माझ्या मुठीत एक आणा ठेवला आन् म्हणाला, “भुजंगा, माझ्या बाजूनं ओरडायला घरचं कोणीतरी आत पाह्यजे. तू ये.” बस, एवढंच. आता सांगा, दहा वर्षांच्या पोराला असं कोणी म्हटल्यावर तो आत गेला पाह्यजे का न्हाई? गेलाच पाह्यजे! मंग? मंग आडवी आली औटकी.

थांबा, तिकिटाचं सांगायचं राह्यलं. पुखराजनं हैदराबादेत पाह्यलेलं, की तिथले क्लबवाले शाळेच्या पोरांना सस्त्यात आत सोडतात. का? तर पोरं ओरडतात! गळा फाटेस्तोवर ओरडतात, मंग आपल्या टीमला जोर चढतो. म्हणून ह्यानं दवंडी पिटवली… मोठ्यांना चार आणे, शाळेच्या पोरांना एक आणा! झालं काय, पहिल्याच मॅचला गावातले वीस-बावीस बाप्ये मिशा काढून आले! हातात पाटी! एक जण तर दोन लेकरांचा बाप, आवाज बारीक करून म्हणतो, “मी तिसरीत हाय जी.” एरंडाचं तेल लावून जोपासलेल्या मिशा हो, तीन आण्यांसाठी गेल्या! न्हावी म्हणाला, असा सीझन दिवाळीलासुद्धा लागत न्हाई.

तवा पुखराज गेला सरकारी शाळेत, म्हणाला, हेडमास्तर, खऱ्या विद्यार्थ्यांना तशा चिठ्ठ्या द्या. हेडमास्तर म्हणाले, “सरकारी शिक्का खेळतमाशासाठी न्हाई.” मंग बिचारा गेला नरहर मास्तरांकडं. नरहर मास्तर म्हंजे देवळाच्या ओवरीत खासगी शाळा चालवायचे. डोक्यावर लाल पगडी, हातात रूळ, आन् पोटात सगळे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी… आन् सगळ्यांची सासू म्हंजे औटकी! औट म्हंजे साडेतीन. साडेतीनचा पाढा! मास्तर म्हणाले, “चिठ्ठ्या कशाला? मी दारात बसतो. ज्याला औटकी येती तो विद्यार्थी, एक आणा. ज्याला येत न्हाई तो विद्यार्थी न्हाई. सोपं हाय.”

सोपं! तुम्हाला सांगतो, आख्ख्या निजामाच्या राज्यात ही अक्कल दुसऱ्या कोणाला सुचली नसती. अहो, गाव कोणतं? परतूर! कापसाचा मोंढा! तिथं दलाल झोपेत कूस बदलताना औटकी म्हणतो! आन् आम्ही सरकारी शाळेतली पोरं… आमचा हिशोब उर्दूतून! आम्हाला साडेतीन म्हंजे दुपारी शाळा सुटायचं, याच्यापलीकडं काही माहीत न्हाई!

तरी दादानं हार मानली न्हाई. रोज सकाळी मला घेऊन जायचा जिनिंगच्या मागं. मी चेंडू फेकायचा, त्यानं अडवायचा, आन् परत फेकताना विचारायचं. “बे औटं?” “सात!” धप्! “तीन औटं?” “साडेदहा!” धप्! “चार औटं?” “चौदा!” पाच औटं साडेसतरा, सहा औटं एकवीस, गाडी कशी रुळावरून चालल्यासारखी… आन् मंग तो विचारायचा, “साता औटं किती?”

…बंद. सगळं बंद. डोक्यात एकदम पांढरं. आन् तेवढ्यात चेंडू छातीवर, धप्प! मी मातीत. दादा वरून वाकून हसायचा. “अरे, साडेचोवीस! म्हण.” साडेचोवीस. “पुन्हा म्हण.” साडेचोवीस. “आता सांग, साता औटं किती?” …बंद! पहिल्या दिवशी म्हणालो तेवीस, दुसऱ्या दिवशी सव्वीस, तिसऱ्या दिवशी रडलो. आठ दिवसांत दादा गोलात असा तयार झाला की उडती चिमणी धरंल, आन् मी मात्र साता औटंपाशीच!

मॅचचा दिवस उजाडला. जालन्याची टीम दुपारच्या गाडीनं आली. पायात बूट! आमचे अकराच्या अकरा अनवाणी. त्यांच्या बुटांचा आवाज फलाटावर असा वाजला की आमच्या एकाला तिथंच ताप भरला. मैदानाच्या चहूबाजूंनी पुखराजनं कापसाच्या गाठी रचलेल्या, दोन पुरुष उंच. शेजारी लिंबाचं झाड होतं, तर आठ दिवस आधी त्याच्या फांद्या छाटून टाकल्या, गावच्या बकऱ्यांची दिवाळी झाली. म्हंजे दाराशिवाय आत न्हाई, आन् दारात नरहर मास्तर, पुढं टेबल, हातात रूळ.

आन् रांग पाह्यली तर काय! पुढं मोंढा! दलाल, हमालांचे मुकादम, अडते, मापारी… मधी स्वतः भंवरलाल सेठ! वय पासष्ट, अंगावर कोरं धोतर, जिनिंग त्यांचं, जागा त्यांची, गाठी त्यांच्या, क्लब नातवाचा, आन् सेठ रांगेत! का? तर तीन आणे वाचतात! मास्तर म्हणाले, “सेठ, तुम्ही?” सेठ म्हणाले, “मास्तर, हिशोबाची बात करो. पूछो.” “साता औटं किती?” “साडेचोवीस. सतरा औटं साडेएकोणसाठ. सत्तावीस औटं साडेचौऱ्याण्णव. आगे बोलूं?” मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! गहिवरले! म्हणाले, “असा विद्यार्थी पुन्हा होणे न्हाई!” आन् दिलं एक आण्याचं तिकीट! पुखराज शिट्टी तोंडात तशीच धरून पाहात राह्यला. करतो काय, आजोबा!

असा सगळा मोंढा एक-एक आण्यात आत गेला, आन् खरी पोरं सगळी बाहेर! पुढचा पोरगा गेला, आपटला. त्याच्या मागचा, आपटला. “पाठ करून ये, मागं हो.” मी तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा साता औटं! चौथ्यांदा उभा राह्यलो, मुठीत आणा घामानं भिजलेला, आत रेफ्रीची शिट्टी झाली, मॅच सुरू! मास्तर म्हणाले, “हं, कारकुनाचे चिरंजीव. साता औटं किती?” बंद. पांढरं. आन् तेवढ्यात मागून कानाशी हळूच आवाज आला, “साडेचोवीस बोल, छोरा.” भंवरलाल सेठ! तपकिरीची डबी बाहेर विसरली म्हणून आल्ते. मी म्हणालो, “साडेचोवीस!” आणा टेबलावर टाकला, तिकीट घेतलं आन् सुसाट आत!

आत काय पाहतो? दोनशे माणूस बसलंय, आन् शांतता! अहो, व्यापारी माणूस मॅचला ओरडतो का? आमच्या पुढच्या खेळाडूनं चेंडू नेला, तर एक अडत्या दुसऱ्याला म्हणतो, “हां, ठीक हाय. धाग्याचा भाव काय म्हणून राह्यलेत?” ओरडा फक्त बाहेरून! गाठींच्या मागून! बाहेर राह्यलेली साठ-सत्तर पोरं, दिसत काही न्हाई, पण बेंबीच्या देठापासून, “परतूर! परतूर!” आन् मी एकटा आत, घरचा माणूस, गोलाच्या शेजारीच उभा. काय ती मॅच! जालन्याच्या एकानं चेंडू असा उडवला की वरच गेला, खाली येईना. एक घार आली, चोच मारून पाह्यली, आवडला न्हाई, टाकून दिला, तेव्हा खेळ पुढं सुरू झाला. आन् शेवटच्या मिनिटाला त्यांचा तो रेड्यासारखा माणूस बूट आपटत आला, एकटा, समोर फक्त दादा… मारला! आन् आमच्या गिरिधरदादानं काय करावं? असा झेपावला, आडवा, हवेत, दीड पुरुष उंच, उजवा हात लांबवला, तो मनगटाबाहेरचा हात, आन् दोन बोटांनी चेंडू बाहेर! मॅच शून्य-शून्य! बरोबरी! आमचं गाव तर जिंकल्यासारखं नाचलं. सेठनंसुद्धा पगडी उडवली, मंग लगेच जाऊन उचलून आणली.

संध्याकाळी दादा आडावर पाय धूत होता. गुडघे फुटलेले. म्हणाला, “आल्तास?” मी म्हणालो, “आल्तो.” “पाह्यलंस?” “पाह्यलं.” “कोणत्या हातानं अडवला रे?” मी म्हणालो, “उजव्या.” त्यानं माझ्याकडं पाह्यलं, पायावर पाणी घेतलं आन् म्हणाला, “बराबर.”

तवापासून हे सुरू झालं. लग्न असो, मुंज असो, चार माणसं जमली की मॅचचा विषय, आन् दादा म्हणायचा, “मला काय विचारता, भुजंगाला विचारा. तो आत होता.” मंग मी उभा राहायचो, हातवारे करायचो. दरसाल तो हात एक बोट लांब व्हायचा. पहिल्या साली घार नव्हती, ती नंतर आली. दादा कोपऱ्यात बसून मान हलवायचा… बराबर, बराबर.

दादा मागच्या साली गेला. दिवस झाल्यावर मी आपला वहिनीला धीर द्यायला बसलो, तारावहिनीला, आन् पुन्हा तेच सुरू केलं, उजवा हात, दोन बोटं… वहिनी म्हणाली, “भावजी, हात कुठला? ते म्हणायचे, मी तर डोळे गच्च मिटून घेतल्ते. चेंडू येऊन पोटावर बसला, आन् मी चेंडूवर बसलो.” वहिनी पदरात हसली. “आन् डोळे का मिटले? तर हसू फुटलं म्हणून. गाठींच्या मागून तुमचा आवाज येत होता म्हणे. ‘दादा, डावीकडं! दादा, उजवीकडं! दादा, आला, आला!’ चेंडू तवा पार त्या टोकाला. ते म्हणायचे, माझ्या भावाला दिसत काही न्हाई आन् हुकूम किती सोडतो. मला बजावलं होतं, भुजंगाला सांगू नको, तो आत होता असंच राहू दे.”

हां. तर ते एक ठिकाण हे. भंवरलाल सेठ माझ्या मागं नव्हतेच. ते कधीचे आत जाऊन बसल्ते, आन् तपकिरीची डबी त्यांच्या खिशात होती. माझ्या मागं होता आमच्या वर्गातला मच्छिंद्र, आन् त्याला बे औटंसुद्धा येत नव्हतं. मास्तर म्हणाले, “मागं हो,” मी मागं झालो, गाठीला कान लावला, आन् पुढची सगळी मॅच कापसातून ऐकली. घार तेवढी खरी. ती मला बाहेरून दिसली. चोच मारली का न्हाई, ते आतल्यांना विचारा.

काय म्हणता? पुरावा? हा काय… हा बघा, दादानं दिलेला आणा. अजून तोच, खर्चच झाला न्हाई. आन् विचारा आता, साता औटं किती? साडेचोवीस! साडेचोवीस हो, आता झोपेतून उठवून विचारा! आणा हाय, औटकी येती, आपण रांगेत सगळ्यांच्या पुढं उभं राहायला तयार… पण ते राज्य बुडालं, हा आणा बाजारात कोणी घेत न्हाई, आन् गोलात कोण उभं हाय म्हणून आत जायचं?