कुठल्या कोषातून?

ताई : तुमचे साहेब खोटारडे आहेत! सगळे कोष एकाच बरणीत कोंबायचे, आणि त्यातून निघालेल्या बारक्या गांधीलमाश्या कोबीवरच्या अळ्या मारणाऱ्याच आहेत, असं तपासणीच्या दाखल्यावर मी लिहून द्यायचं?

धाकटा : ट्यूब संपल्या होत्या गं. साहेब म्हणाले, बरण्या आहेत ना, भरा.

ताई : आणि तू भरल्यास.

धाकटा : नोकरी करतो मी तिथे, ताई. तुझ्यासारखं तोंड चालवून माझं भागत नाही.

ताई : इकडे ये. मायक्रोस्कोपला डोळा लाव. काय दिसतंय?

धाकटा : हिरवी आहे. चकाकतेय. नटूनथटून निघालीय बया.

ताई : कुणाला खाऊन निघालीय, ते विचार. अळीच्या मोठ्या कोषातून आली असेल, तर अळीला खाऊन आली. आपलीच. पण ते पांढरे बारके कोष? ते काळ्या गांधीलमाशीचे. काळी अळ्या मारते. त्यातून ही आली असेल, तर आपल्या काळीलाच खाऊन आलीय.

धाकटा : तू तर पंख बघून कूळ सांगतेस!

ताई : कूळ सांगते. या कुळात अळीला खाणाऱ्या आणि काळीला खाणाऱ्या, दोन्ही निघतात. कुणाच्या घरातून बाहेर पडली, ते कसं सांगू? एका कोषाला एक ट्यूब काय शोभेला असते?

धाकटा : उद्या या माश्या कोबीच्या मळ्यांत सोडायच्यात. सही नाही मिळाली तर खापर माझ्यावर फुटेल. पुन्हा घरी बसू? आईला तूच सांग मग.

ताई : आईला मध्ये आणू नकोस. मळेवाल्यांना फवारणी बंद करायला कुणी लावलं?

धाकटा : मी. दारोदार फिरून. म्हटलं, माश्या येतायत, औषध मारू नका.

ताई : मग काळी संपली की त्यांच्या कोबीचं काय होईल, ते मी बोलू की तू बोलतोस?

धाकटा : नको बोलूस.

(फोन वाजतो.)

धाकटा : साहेबच आहेत.

ताई : स्पीकरवर टाक.

साहेब : काय रे, झाली का बहिणीची सही?

धाकटा : नाही साहेब. बरणी मी भरली. तुम्ही सांगितलंत म्हणून भरली. आता एक तुम्ही सांगा.

साहेब : लवकर बोल.

धाकटा : ही हिरवी कुठल्या कोषातून निघाली?

साहेब : हे काय विचारणं झालं? माशी ती माशी! आधी सही घे.

धाकटा : मी फोन धरून उभा आहे, साहेब. कुठल्या कोषातून?