सव्वा मूठ गहू

नाही, बसा हो, चहा येतोय — हळू बोला फक्त, माय आत गहू निवडतेय, आणि लोटनचं तिकडचं टेबल तुम्ही लोकांनी रिकामं केलं हे तिला कळायला नको. माझा धाकटा भाऊ एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात तुमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेतून सुट्टीवर निघाला आणि देवपूरच्या या घरी पोचलाच नाही — एवढंच तिला माहीत आहे. मलाही तेवढंच. हा त्याचा स्फटिक ना? बेरियम टायटनेट — ओळखतो, मीही कॉलेजात फिजिक्सच शिकवतो. त्यानंच मला समजावलं होतं, या ओट्यावर बसून. यात इवले इवले भाग असतात, प्रत्येकातल्या विजेचं तोंड एकीकडे. उलटी वीज लावली की सगळे एकदम वळतात का? नाही. कडेला कुठेतरी चार-दोन अणूंचा ठिपका वळतो — आपल्या सूक्ष्मदर्शकात दिसणारही नाही असा — मग तो सुईसारखा आरपार घुसतो, मग आडवा पसरतो. एखाद्या दोषापाशी अडतो, वाटतं, राहिलं आता — पण सरकतोच. आणि मग वीज काढून घेतली तरी मागे फिरत नाही.

मला त्या ठिपक्याची भीती वाटते हो. तो आता येणार नाही, असा एक ठिपका या घरातही वळलाय. आधी जिन्यावर चपला वाजल्या की मी धावत दार उघडायचो. अजून वाजतात, भर दुपारी, त्याच्याच, टाच घासत — मी उठत नाही. का? विचारू नका. प्रमिलानं, माझ्या बायकोनं, त्याची खाट अंगणात काढली, मी ती परत आत आणली नाही. माय तेवढी अडून आहे. आमच्याकडे परवा कानबाई देवी बसणार — घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू नैवेद्याच्या रोटासाठी दळायचे. दरवर्षी ती विचारते, लोटनचे घेऊ ना? आणि मी म्हणतो, घे. लगेच म्हणावं लागतं.

तिकडे काही कळलंय? नुसतं टेबल हवं होतं? बरं.

काय माय? लोटननी मूठ घेऊ? — हो... थांब जराशी, पाहुणे आहेत —

नाही, तुमच्यामुळे नाही. मीच थांबलो. पाहिलंत ना, तिनं पुन्हा विचारलंसुद्धा नाही, मूठ परत डब्यात सोडली आणि झाकण लावलं. निघा तुम्ही. हा स्फटिक घेऊन जा.