भेगेवरची काच

नाही नाही, ही नको — ही खिडकीची झाली, जाड. मला पातळ हवी, फोटोच्या फ्रेमला लावता ना तुम्ही, ती. दोन बोटं रुंद, वीतभर लांब, अशा पट्ट्या कापा. कशाला? — सगळेच विचारतात, तुम्हीही विचारा. भिंतीला लावायच्यात. अहो हसू नका, शोभेला नाही. भिंतीला भेग असते ना, तिच्यावर आडवी पट्टी ठेवायची, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा थापायचा, झालं काम. भेग केसभर रुंदावली तरी काच तडकते. माणसाच्या आधी काचेला कळतं. आणि जाड असली तर? जाड काच तुटत नाही हो, प्लास्टरच उखडतं, आणि काच आपली साहेबासारखी शाबूत. म्हणून पातळ. जाड काचेने माझी बहीण गेली — असं मी इतकी वर्षं सांगत आलोय. घ्या, कापा तुम्ही, मी बोलतो आणि तुम्ही हात थांबवता.

माझी नोकरीच होती ती, दरडींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसात. दुरून डोंगर साजरे म्हणतात, मी जवळून पाहिलेत — ते सरकतात, इंचाइंचाने, तोंडातून शब्द न काढता. ऑफिसने आमच्या सबंध उताराचा नकाशा केला, टेप धरून मीच हिंडलो घरोघर. तांबडा रंग म्हणजे आजच उठा, हिरवा म्हणजे निवांत झोपा, आणि मधला पिवळा — पिवळा म्हणजे बघू. त्या बघूवाल्या घरांना मी काचा लावायचो आणि दर सोमवारी फेरी मारून पाहायचो. धाकट्या बहिणीचं घर पिवळ्यात होतं, पण तांबडी रेघ तिच्या परसातूनच गेलेली. मी म्हणायचो, बाई गं, तुझ्या कोंबड्या तांबड्यात आणि तू पिवळ्यात, आधी त्यांची सोय बघ. हसायची. नवरा परगावी कामाला, घरात ती आणि तिची मुलगी — माझी भाची. माझ्यावर फार भरवसा हो तिचा. दादा बघून गेला ना, मग काळजी नाही, असं शेजारणींना सांगायची.

आता काच तुटली म्हणजे लगेच पळायचं, असं नव्हतं बरं का. लोक काय कमी असतात? एकाच्या पोराने चेंडू मारून फोडली आणि सगळी आळी बोचकी घेऊन खाली शाळेत. एका बाईने काचेवर कॅलेंडर अडकवलं, तेही पडलं, काचही पडली, परत पळापळ. मग नियम केला — काचेला हात लावायचा नाही, तुटली तरी आपल्या मनाने काही करायचं नाही, मी येतो, मी पाहतो, मग ठरवू. नियम ऑफिसचा, पण घरोघर सांगितला माझ्या तोंडाने. बहिणीला तर दोनदा सांगितला, कारण ती आमच्यातली सगळ्यात भित्री.

डोंगर रविवारी खाली आला. दुपारची वेळ, भाची खाली दुकानात साखर आणायला गेली होती म्हणून वाचली. वर घर नव्हतंच — नुसता चिखल, आणि काठावर दोन कोंबड्या. त्या खेपेला ऑफिसच्या स्टोअरने मला खिडकीची काच दिली होती, जाड. मी मनाशी पक्कं धरलं, काचेने दगा दिला, तुटायला हवी होती, तुटली नाही. भाचीला आम्हीच वाढवलं, लग्न करून दिलं. आता तिला एक मुलगी आहे, सपाट जागेवर घर आहे, खिडकीतून डोंगर दिसत नाही — मी मुद्दाम पाहून दिलं. तरी भिंती त्या, तडे जातातच. मी लावतो काचा. जावई गुणाचा, म्हणतो मामा, दुधाने तोंड पोळलंय तुमचं, फुंका ताक. तो हसून सोडून देतो. भाची बोलली.

गेल्या आठवड्यात. मी तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभा, हातात प्लास्टर, आणि तिची पोर खालून विचारते, आजोबा, ही तुटली तर काय करायचं? मी म्हटलं, काही नाही करायचं बाळा, आजोबांना सांगायचं, आजोबा येऊन बघतील. तेवढंच म्हटलं मी. भाची गॅस बंद करून वळली. मामा, म्हणाली, उतरा खाली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हणाली, “काच तुटली होती मामा. शनिवारीच तुटली होती. मीच आईला दाखवली. आईने तुकडे झाडून घेतले, माझ्या पायात जातील म्हणून, आणि म्हणाली, सोमवारी दादा येईल, त्याला विचारूनच निघू.”

अहो, एवढी वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. मला लागेल म्हणून. मी जाड काचेला शिव्या घालायचो आणि ती गुपचूप ऐकून घ्यायची. जाड असूनही काचेने आपलं काम चोख केलं होतं हो. घरात दोन पायांची माणसं होती, खाली उतरायला वाट होती, अख्खा दिवस हाताशी होता — आणि बहीण बसून राहिली. कुणाची वाट बघत? माझी. झोप लागत नाही मला. डोळा लागला की ती दिसते, दारात बसलेली, आणि मी यायचोय अजून.

भाची म्हणाली, आणखी एक काच जरी लागली ना, तर या घरात पाऊल टाकायचं नाही. ती सोमवारी घरी नसते, चावी माझ्याकडे आहे, आतल्या खोलीत कपाटामागे नवा तडा गेलाय, तिला दिसणारही नाही. म्हणून आलो. आता सांगा, तडा आहे तर लावायला नको? मी नाही बघणार तर तिला कळणार कसं — कोण सांगणार तिला, ऊठ, नीघ — 

काय म्हणालात? भाचीची पोर?

हो. लहान आहे. चार वर्षांची. शहाणी आहे, सांगितलेलं सगळं ऐकते. काच तुटली तर माझी वाट बघत बसेल.

थांबवा. कापू नका. अहो, खरंच ठेवा ती काच खाली. नाही, झालेल्या पट्ट्याही नकोत, बांधू नका. आणि ऐका, मी उद्या परत येईन. येणारच, मी ओळखतो मला. गोड बोलेन, चिडेन, पाया पडेन तुमच्या. तेव्हा काच संपली म्हणा.