पहिल्या घागरीच्या कुरडया

हॅलो?… योगिनी? केलास गं बाई वहिनीला एकदाचा फोन… हो, सकाळपासूनचे चारही माझेच… कामावर होतीस, ठाऊक आहे. अंबडहून घरी आलीस ना?… जेवलीस?

अगं ऐक ना. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, नऊ दिवस राहिले. आईंच्या नावाची पहिली घागर भरायची. तुझे दादा कालच कुंभाराला सांगून आले. आंब्यांची आढी घातली, पुरणाची डाळ निवडली, गूळ आणला… तू आदल्या दिवशीच…

काय?… येणार नाहीस?

असं कसं? आई गेल्या म्हणून माहेराची, देवळ्याची वाट बंद झाली का?… हो… हो… बोल. मनातलं सगळं बोल.

हो. तेराव्याला डबा मीच काढून दिला. सुमनकाकू म्हणाल्या, तळायला काही आहे का, आणि मी आईंच्या कुरडयांचा डबा पुढे केला. पंगत बसली होती गं. त्या हातच्या या शेवटच्या, हे मनातच आलं नाही… तू वाढत होतीस, पाहिलं मी. एक तुकडा तोंडात घातला नाहीस… चुकलं माझं. सोळा वर्षं त्यांच्या शेजारी बसून चीक हाटला, मला कळायला हवं होतं.

रडू नको… बरं, रड.

आता ऐक. यंदा आपल्या घरात दुःख आहे, चुलीवर चीक चढवता येत नाही. कुरडया बाहेरूनच यायच्या… देतील की, सुमनकाकू देतील. पण आईंच्या पानात काकूंच्या कशाला? तुझ्या सासरी ती अडचण नाही. तू कर.

येत नाही काय! दरवर्षी सोऱ्या कोण फिरवायचं मग?… गच्चीवर ऊन येतं ना? झालं तर. गहू आजच भिजव. रोज पाणी बदल. चौथ्या दिवशी वाटून गाळायचे, रात्रभर चीक बसू द्यायचा… हाटायला घेशील तेव्हा मला फोन लाव… किती वेळ? आई कुठे घड्याळ बघायच्या! गुणगुणायच्या ना,

गहू भिजला तीन राती, चीक निघाला दुधावाणी,
लेक येईल आखाजीला, झोका हलतो अंगणी…

सात वेळा म्हणून होईस्तोवर हाटायचं.



अजून एक. डब्याच्या तळाशी मूठभर चुरा राहिला होता. लहानपणी तू आधी चुराच मागायचीस म्हणे… नाही गं, तळला नाही. फडक्यात बांधून देवापाशी ठेवलाय. तुझाच आहे तो. तू आल्याशिवाय गाठ सोडणार नाही मी.

… योगिनी?

कसला आवाज गं?… पातेलं?… गहू ओततेस?

ओत. मी आहे फोनवर… पाणी चार बोटं वर राहू दे… हं.

झाक आता. उद्या पाणी बदललंस की सांग.