काळुरामआजोबांचं कव्हर

...आणि वर फॉर्ममध्ये विचारतात, 'या प्रकल्पातून आपण काय शिकलात? पाचशे शब्दांत चिंतन करा.' चिंतन! अहो, माझ्यामुळे एका म्हाताऱ्या माणसानं भरदुपारी स्वतःच्या अंगणात जे बघितलं, ते कोणालाही बघायला लागू नये, आणि ह्यांना चिंतन हवंय, तेसुद्धा समास सोडून, एका बाजूला लिहिलेलं! पाचशे शब्द नुसते शिव्यांचे होतील, सांगते तुम्हाला.

मी अंतरा. राहते अष्टमीला, रोह्याचा पूल ओलांडला की लगेच. शिकते पेणला, मास मीडिया, शेवटचं वर्ष. म्हणजे सकाळी एसटी, संध्याकाळी एसटी, आणि मधल्या वेळात वृंदा मॅडम. ह्या मॅडम आठवड्यातून दोनदा मुंबईहून गाडी घेऊन येतात आणि आल्या आल्या सगळ्यांची कामं नाकारतात. ह्या वर्षी त्यांनी प्रकल्प काय दिला, तर संगीताचं मासिक तयार करा. नाव, कव्हर, अनुक्रमणिका, मधली दोन पानं. ज्याचं मासिक पहिलं येईल त्याला मुंबईच्या डिझाईन स्टुडिओत सहा महिने इंटर्नशिप. आता तुम्ही म्हणाल, मिळाली तर मिळाली, नाही तर नाही... नाही हो! पप्पांनी, पप्पा शाळेत मास्तर आहेत, त्यांनी धाटावच्या एका केमिकल कंपनीत माझ्यासाठी आधीच शब्द टाकून ठेवलेला. 'मुंबईचं जमलं तर जा बाई, मी अडवणार नाही. नाही तर एक तारखेपासून कंपनीत. चांगलं ऑफिस आहे, गेटपासून दारापर्यंत सावली आहे.' सावली आहे! मुलीच्या पुढच्या तीस वर्षांचा विचार केला आणि ह्यांना काय दिसलं, तर सावली!

म्हणून मी जीव तोडून काम करायचं ठरवलं. वर्गातल्या बाकीच्यांनी काय केलं सांगू? ध्रुवनं इंटरनेटवरून गिटार उतरवून घेतली आणि कव्हरवर आडवी टाकली. ह्याच्या सात पिढ्यांत गिटारला कोणी हात लावलेला नाही, घरी म्हशी आहेत! मी म्हटलं, आपण आपलं काहीतरी करू. आमच्याकडे लग्नाला, पालखीला खालू बाजा वाजतो, सनई, ढोल, टिमकी, झांज. आणि खालू बाजा म्हटलं की काळुरामआजोबा, खांब गावाच्या अलीकडच्या वाडीतले. सतराव्या वर्षापासून सनई वाजवतायत, आता त्र्याहत्तर चालू आहे. मला तो माणूस आवडतो, उगाच खोटं कशाला बोलू? लग्नात त्यांची सनई लागली की मी हातातलं ताट खाली ठेवून ऐकत उभी राहते, मग आई ओरडते. तर मासिकाचं नाव 'खालू', आणि कव्हरवर काळुरामआजोबा. ठरलं.

फोटोच्या दिवशी म्हातारा काय सजून आला म्हणून सांगू! गुलाबी फेटा, काळा गॉगल, नातवाचं चकचकीत घड्याळ. पहिला प्रश्न, "रंगीत येनार ना गो?" म्हटलं, "रंगीतच आजोबा." मी चाळीस फोटो काढले. मध्ये एकदा घाम पुसायला त्यांनी गॉगल काढला, फेटा काढला, डोळे मिटले आणि सनई नुसती छातीशी धरून बसले, तो एकेचाळिसावा चुकून निघाला. आणि मॅडमनी चाळीस फोटो सरकवले बाजूला आणि त्या एकेचाळिसाव्यावर बोट ठेवलं! "हा! ह्यात समाधी आहे." समाधी! अहो, त्या माणसाला उकडत होतं!

पण मॅडमना कोण सांगणार? नंतर सुरू झालं त्यांचं ते एकच पालुपद. मी मागे लाल रंग दिला होता... "काढ. पानाला श्वास घेऊ दे!" काढला. मी कोपऱ्यात ढोल टाकला होता... "कशाला गर्दी? पानाला श्वास घेऊ दे!" काढला. फोटोचा रंगसुद्धा घालवला, काळा-पांढरा केला. खाली मी छान ओळ लिहिली होती, 'एकोणीसशे एकोणसत्तरपासून आजपर्यंत, छप्पन्न वर्षं, एकच सनई!' तर डोळे मिटून म्हणतात, "किती बडबडतेस गं! आकडे ठेव, बाकीचं काढ." शेवटी राहिलं काय? पांढरं पान. मधोमध म्हातारा, डोळे मिटलेला, काळा-पांढरा. त्याच्याखाली बारीक अक्षरात 'काळुराम'. त्याच्याखाली '१९६९ – २०२५'. बस. मॅडम दोन पावलं मागे गेल्या, हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाल्या, "आता बघ. पान श्वास घेतंय."

तुम्ही हसताय. हसा! मला तेव्हा काही दिसलं नाही हो, खरंच नाही. मी महिनाभर त्या पानाकडे डोळे फाडून बघत होते, मला समास दिसत होते, अक्षरांमधलं अंतर दिसत होतं. आणि मला ते आवडलं होतं! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी देखणं झालं होतं.

नमुना छापायला गेले नासिरभाईंकडे. आमच्या पंचक्रोशीतले सगळे फ्लेक्स त्यांच्याकडेच होतात, वाढदिवस, निवडी, क्रिकेटचे सामने, सगळं. नासिरभाईंनी पडद्यावर कव्हर बघितलं, लगेच पंखा बंद केला, उठून उभे राहिले. आवाज खाली आणून म्हणतात, "अरेरे. कधी झालं ताई?" म्हटलं, "काल रात्री झालं, आता फक्त छापायचंय." "बहोत बुरा झाला. आमच्या सकीनाच्या लग्नात दारात वाजवली होती त्यांनी. दहावं कुठं ठेवलंय, नदीवर? खाली जागा हाय बघा, टाकून देतो." मी काय करावं? मी चिडले! म्हटलं, "नासिरभाई, हे मासिक आहे, कव्हर आहे, ही मोकळी जागा मुद्दाम ठेवलीय!" त्यांनी बिचाऱ्यांनी छापून दिलं. कागद गुंडाळताना एवढंच म्हणाले, "ताई, तीस वर्षं मी हेच छापतो. जिवंत माणसाला कोण एवढी जागा सोडत नाय." आणि मी, शहाणी, घरी येऊन पप्पांना सांगते, इथल्या लोकांना डिझाईन कळत नाही!

आता ज्याचा फोटो छापायचा त्याची परवानगी हवी, हा कॉलेजचा नियम. काळुरामआजोबांकडे फोन नाही. म्हणून त्यांचा नातू सुजय, तो कंपनीत शिफ्टला असतो, त्याला मी सकाळी कव्हर पाठवलं. लिहिलं, 'आजोबांना दाखव आणि कळव.' पोराला आनंद झाला हो! आजोबा मासिकावर! त्यानं तो फोटो उचलला, स्टेटसला लावला, खाली लिहिलं, 'आमचे आजोबा', पुढे दोन हात जोडलेले... आणि गेटवर फोन जमा करून आत गेला. केमिकल कंपनी आहे, आत फोन नेऊ देत नाहीत. आठ तास! आठ तास ते स्टेटस तिथं, आणि सुजय आत रिॲक्टरपाशी, त्याला काही पत्ता नाही!

नऊ वाजता पहिला, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' सव्वानऊला एकतीस. दहाला भजनी मंडळाच्या ग्रुपवर, 'खालू बाजाचा वाघ हरपला.' कोणीतरी शंका काढली, अहो छप्पन्नचेच होते का? तर दुसरा म्हणतो, 'वर्षं खाली लिहिलीत ना! दिसायचे मोठे, वाऱ्यापावसात वाजवून.' अकरा वाजता नागोठण्याच्या लग्नवाल्यांनी हळहळून घेतलं आणि साडेअकराला बेंजो पार्टी ठरवली. बेंजो पार्टी! म्हातारा मेल्याचं दुःख ह्यांना अर्धा तास पुरलं!

आणि म्हातारा कुठे? म्हातारा पहाटेच शेजारच्या गावाला बैल बघायला गेलेला, घरात कोणालाच न सांगता, कारण सुनेचा बैलाला विरोध. दुपारी तीनला आला चालत. बघतो तर अंगणात चाळीस माणसं, बायका आत रडतायत, दोघं जण बांबू तोडतायत. त्यांना वाटलं शेजारचं कोणीतरी गेलं, जागा कमी म्हणून आपल्याकडे बसलेत. टोपी काढली आणि रीतीप्रमाणे मागे जाऊन बसले. पुढच्या माणसाला विचारलं, "कोन गेला रं?" तो मागे न बघता, "काळुराम. अलिबागच्या सिव्हिलमधनं आनतायत." आता दुसरा कोणी असता तर ओरडला असता ना? ह्यांनी विचारलं, "मानूस कसा व्हता?" तो म्हणतो, "वाजवायचा बरा. पन लग्नाला कंदी येलेवर आला नाय." आणि मग जे भांडण झालं ना...

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या ओटीवर. बरोबर सुजय, तोंड एवढंसं करून. आई पाणी घेऊन आली, तर म्हातारा म्हणतो, "नको गो बाय, मेलेला मानूस पानी पीत नाय." मी रडायलाच लागले. पाया पडले, माफी मागितली. तेव्हा त्यांचा राग खाली आला, आणि मग जे बोलले ते रागापेक्षा वाईट होतं. "पोरी, माजी ह्या मोसमाची पाच लग्ना गेली. पाच. मी घरोघर जाऊन दाखवतो, बघा, मी हाय. लोक म्हनतात, व्हय, बरा झाला, पन आता बेंजो सांगितला." माणूस गेल्याची बातमी तासाभरात शंभर जण पुढे पाठवतात, तो घरी परत आल्याची कोणी पाठवत नाही, का पाठवतील? त्यात हात कुठे जोडायचे?

दुसऱ्या दिवशी पेणला गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं, चुकल्या म्हणतील. अहो, बाईंचे डोळे चमकले! "अंतरा! तुझ्या कव्हरनं समाज हलवला! हेच सहा फुटी करून प्रदर्शनात लावू, दारातच. पहिला नंबर तुझाच समज." म्हटलं, "मॅडम, प्रदर्शनाला रोह्याची, नागोठण्याची माणसं येतात, फोटो काढतील, पुन्हा तेच सुरू होईल. आजोबांची उरलेली लग्नं जातील." तर खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "कलाकारानं लोकांचा विचार करायचा नसतो. पानाला श्वास घेऊ दे!"

पानानं घेतला हो श्वास! पानाचं झकास चाललंय! त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला अंगणोअंगण फिरून आपला श्वास दाखवायला लागतोय, त्याचं काय?

एसटीत पेण ते रोहा मी नुसती धुमसत होते. मुंबई समोर दिसत होती मला, सहा फुटी. सांगते तुम्हाला, मी काही देवमाणूस नाही, नागोठण्यापर्यंत माझं ठरलं होतं की लावायचं सहा फुटी! मग नागोठण्याच्या स्टँडला बाहेर वरात चाललेली, बेंजो पार्टी, डोकं उठेल असा आवाज, आणि मला आठवलं की ही जागा त्यांची होती. एवढा राग आला मला. माझाच.

रोह्याला उतरले ती सरळ नासिरभाईंच्या दुकानात. म्हटलं, "जिवंत माणसाचं कव्हर करा." नासिरभाईंनी पंखा लावला, चहा सांगितला, बाह्या वर केल्या. त्या चाळीसमधला गॉगलवाला घेतला. मागे आग. आगीत दोन वाघ. चारी बाजूंनी शुभेच्छुक, गोल गोल चौकटीत, बावीस जण, त्यात पप्पा, सुजय, खुद्द नासिरभाई आणि तो बांबू तोडणारासुद्धा. वर सोनेरी अक्षरात 'खालू बाजाचा बादशाह', खाली सुजयचा फोन नंबर, हा एवढा! नखभर जागा उरली होती, तिथं नासिरभाईंनी विचारलं, "इथं?" म्हटलं, "सनई टाका." पानाला श्वास? पानाचा गळा दाबला आम्ही दोघांनी मिळून. तेच कव्हर जमा केलं, आणि तोच फ्लेक्स खांबच्या नाक्यावर लागला.

मॅडमनी ते दोन बोटांत धरलं, नासकं काहीतरी धरावं तसं. शेरा काय दिला? 'विद्यार्थिनीला रिकाम्या जागेची भीती वाटते.' पहिला नंबर ध्रुवचा. ध्रुवचा! गिटारला! काल तो मला विचारतो, मुंबईत खोली कुठे घ्यावी गं? सांगणार होते कुठे घ्यावी ते.

मी एक तारखेपासून कंपनीत. गेटवर फोन जमा करते, आत जाते, आणि हो, दारापर्यंत सावली आहे, पप्पांचं बरोबर होतं. आजोबांना मात्र सहा लग्नं मिळाली, पाच गेली होती, सहा मिळाली. परवा ते स्वतः घरी आले, गॉगल लावून. माझ्यासाठी आंबे आणलेले. मला बाजूला घेऊन म्हणतात, "पोरी, तो पयला कागद हाय का गो, पांढरा? फाडू नको. लई देखना व्हता. मी गेलो ना, का तोच लाव. तुजा आजवरचा सगल्यात चांगला काम तोच हाय."

तीन वर्षांत माझ्या कामाला कोणी मनापासून चांगलं म्हटलं ते हे एवढंच. आणि आता ते छापायचं तर वाट बघत बसायचं... आणि म्हातारा तर असा ठणठणीत आहे, सांगते तुम्हाला, कालच नवा बैल घेऊन आला!