सारवलेली नदी

हिंदुराव : ...ते राहू द्या केराबाई, आधी खरं सांगा. नदीतली खडी कुठं गेली?

केराबाई : खडी? त्यो केर व्हता की, सायेब. पाटीत भरून मागं टाकला. मोठं सायेब येनार म्हनून पहाटं झाडून काढलं आन् वरनं शेणानं सारवलं. ह्या टोकापसनं त्या टोकापतूर, झ्याक!

हिंदुराव : नदी सारवलीत?

केराबाई : मग? पाव्हनं यायच्या टायमाला जमीन उघडी ठेवत्यात व्हय? रांगोळीबी काढनार हुते, पर चन्नप्पानं पानी सोडलं.

चन्नप्पा : माझ्यावर ढकलू नको अक्का. मी पंपवाला. हे इंजिनेरसाहेबच सोड म्हटले, मी सोडलो.

हिंदुराव : अहो बाई, ही शेड म्हणजे तुमची ओसरी नव्हे. ही तुमच्याच कुरणवाडीची नदी आहे, शंभरपट लहान केलेली. खऱ्या नदीत दगडगोटे असतात, ते पाण्याला अडवतात, म्हणून पूर चढतो. त्यासाठी इथं खडी पसरली होती. तुम्ही सारवलंत आणि पाणी घसरगुंडीवरून गेल्यासारखं निघून गेलं!

केराबाई : ग्येलं की! गाव कोरडं ऱ्हायलं. म्या हात जोडलं. मोठं सायेबबी हसलं.

हिंदुराव : हसले, आणि म्हणाले, गाव बुडतच नाही तर पूरभिंत कशाला? रद्द करा.

केराबाई : आमची भित? रद्द?

हिंदुराव : रेस्ट हाउसला जेवायला गेलेत. परत आले की सही करतील.

केराबाई : आवं, गेल्या पुरात निम्मं गाव वाहून ग्येलं, सायेब. माजी दोन म्हसरं दावणीलाच मेली. खरी नदी काय सारवल्याली हाय व्हय?

चन्नप्पा : मग सारवू की. वाडीच्या सगळ्या बायका लावू. शेण कमी पडलं तर मैंदर्गीहून गाड्या मागवू.

हिंदुराव : चन्नप्पा, इथं माझी नोकरी जायची वेळ आलीय! अहवालात हे शेण कुठल्या सदरात लिहू मी?

चन्नप्पा : स्थानिक साहित्य म्हणून लिहा की.

हिंदुराव : गप्प बस. साहेब सगळ्यांसमोर काय म्हणाले, ऐकलंस ना? माणूस खोटं बोलेल, मॉडेल बोलत नाही. आता त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

केराबाई : मी सांगते. केरी येडी हाय म्हनते, तिनं सारवलं. मला कामावरनं काढा, पर त्यांच्या म्होरं माजं गाव बुडवा.

हिंदुराव : अहो, काय बोलताय?

केराबाई : बुडवा, सायेब. आर्धंमुर्धं नगं. पार मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या बुडू द्या. तुमच्या पाया पडते.

हिंदुराव : पाया नका पडू. सकाळी नदी न तपासताच पाणी सोडायला लावलं, ती चूक माझी. साहेबांना मीच सांगतो. जा, खडी आणा. चन्नप्पा, खुरपं घे, खरवडायला लाग.

चन्नप्पा : अय्यो, शेण पक्कं बसलंय की हो. अक्काचा हात लई भारी.

(तिघं मिळून नदी खरवडतात. खडी पसरून होते तोच बाहेर जीप थांबते. मोठे साहेब दारात येतात. हिंदुराव त्यांच्या कानाशी लागून बराच वेळ बोलतो. साहेब खुर्ची ओढून नदीच्या काठाला बसतात.)

हिंदुराव : चन्नप्पा, साहेबांना पुन्हा बघायचंय. सोड पाणी.

चन्नप्पा : सोडलो.

हिंदुराव : बघा साहेब, खडीला अडलं. चढतंय. खालच्या आळीला लागलं.

केराबाई : चन्नप्पा, जरा दमानं सोड की रं.

चन्नप्पा : का अक्का? बुडवा बुडवा म्हणून तूच पाठी लागली होतीस की.

केराबाई : व्हय रं, बुडवायचंच हाय. पर दमानं. खालच्या आळीत आमचं घर हाय, आन् आमच्या आत्याबाईस्नी बिगीनं चालाया येत न्हाई.